तुळशी तलाव बघायचाय? मग कान्हेरीच्या पायऱ्या चढा

जुलै लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक छोटा तक्ता यायला लागतो. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. कुठल्या तलावात किती पाणी आलं त्याचा हिशेब. तुळशीचं नाव बहुतेक वेळा तळाला, आकडाही सगळ्यात लहान: ८,०४६ दशलक्ष लिटर. सातही तलावांची मिळून क्षमता आहे १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. म्हणजे अख्ख्या मुंबईने फक्त तुळशीचं पाणी प्यायचं ठरवलं, तर दोनेक दिवसांत तळ दिसेल. तरी "तुळशी तलाव भरून वाहू लागला" ही बातमी आली की आमच्या बोरिवलीत लोक आपल्याच घरची गोष्ट असल्यासारखे खूश होतात. आणि गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांनी तो तलाव कधी पाहिलेलाच नसतो.

मागच्या डिसेंबरात सांगलीहून भाचा आला होता. त्याला म्हटलं, चल, तुला तुळशी दाखवते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत शिरलो आणि बोटिंगचं तळं दिसल्याबरोबर तो म्हणाला, "मावशी, एवढाच?" ही चूक नव्याने येणारे सगळेच करतात. फाटकाजवळचं बोटिंगचं पाणी म्हणजे तुळशी नव्हे. खरा तलाव आत, डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत आहे, आणि तिथे तुम्हाला जाता येणार नाही. तुळशी आणि विहार हे दोन्ही पिण्याच्या पाण्याचे तलाव, महानगरपालिकेच्या ताब्यातले. काठावर पहारा असतो. रखवालदाराशी हुज्जत घालायची नाही, मागच्या पायवाटेने घुसायचं नाही. पाण्यात मगरी आहेत, ही आणखी एक गोष्ट.

मग बघायचा कसा? वरून. उद्यानातल्याच कान्हेरीच्या डोंगरावरून, जिथे जुनी बौद्ध लेणी आहेत. आणि त्या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वीची पाणीयोजना पायाखाली येते आणि पक्षी डोक्यावर, म्हणून मी तर म्हणेन काठावर जाता येत नाही तेच बरं आहे. एक अख्खा दिवस काढा. अर्ध्या दिवसात उरकायची ही जागा नाही.

कधी जायचं

सोमवारी नाही. उद्यान आणि लेणी दोन्ही सोमवारी बंद. मी हे एकदा बंद फाटकासमोर डबा हातात घेऊन उभी राहून शिकले आहे, तुम्ही वाचून शिका. रविवारी सकाळी साडेनऊनंतर सहली सुरू होतात, मग पक्ष्यांपेक्षा ब्लूटूथ स्पीकरच जास्त ऐकू येतात. महाशिवरात्रीला कान्हेरीवर जत्रेसारखी गर्दी असते. तो अनुभव वेगळा, पण पक्षी बघायचा नव्हे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचे महिने. हवा कोरडी, चढ सुसह्य, थंडीचे पाहुणे पक्षी आलेले. फेब्रुवारी-मार्चला मात्र माझं झुकतं माप आहे. तेव्हा काटेसावर, पांगारा आणि पळस पानं झाडून फुलतात, आणि नवशिक्याला याहून चांगली शाळा नाही: पक्षी लपायला पानच नसतं. फुललेल्या एका काटेसावरीखाली अर्धा तास बसलात तर मैना, बुलबुल, कोतवाल, हळद्या, टोई पोपट, शिंजीर यांतले पाच-सहा तरी तुमच्याकडे चालत, म्हणजे उडत येतील. मेअखेरीस नवरंग येतो, त्याच्या दोन सुरांच्या शिट्टीसाठी घामाघूम व्हायला तयार असलेले लोक वेगळे. पावसाळ्यात डोंगर वेड लावतो, शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालतो. पण कातळ शेवाळाने इतका निसरडा होतो की पहिलीच भेट असेल तर ती पावसात नको. ओढ्याला अचानक लोंढा येतो, आणि दरवर्षी कुणीतरी फाजील आत्मविश्वासाने त्यात उतरतं.

काय न्यायचं

दुर्बीण असली तर ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची पुरे. नसली तर मैत्रिणीकडून मागा, विकत घेण्याची घाई नको. दुर्बीण वापरायची एक युक्ती आहे. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडा, त्याच्यावरून नजर हलू न देता दुर्बीण डोळ्यांकडे आणा. नवीन माणूस उलटं करतो, दुर्बीण लावून झाडभर पक्षी शोधत बसतो आणि त्याला फक्त पानं दिसतात.

पाणी माणशी दोन लिटर, धातूच्या बाटलीत. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक नेऊ नका. फिकट किंवा मातकट कपडे, पकड असलेले बूट, टोपी. खाणं बंद डब्यात आणि डबा सॅकच्या आत. कान्हेरीवरची माकडं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात. माझ्या हातातली चकल्यांची पिशवी एका माकडिणीने इतक्या शांतपणे काढून घेतली की मी जवळजवळ "घे हं" म्हणाले. तिच्या पोटाला पिल्लू होतं, ते माझ्याकडे बघत होतं. पिशवी गेली तर जाऊ द्या, ओढाताण करू नका.

सकाळ: रस्ता आणि नदी

पश्चिम रेल्वेने बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरा, तिथून रिक्षा किंवा पंधरा-वीस मिनिटं चालत. मेट्रोने येत असाल तर 'राष्ट्रीय उद्यान' हेच स्थानक. साडेसातच्या सुमाराला फाटकाशी हजर असावं. तिकीट इथे एक, आणि लेण्यांचं पुरातत्त्व विभागाचं दुसरं, ते वर कान्हेरीच्या पायथ्याशी. पहिलं तिकीट टाकून देऊ नका.

फाटकापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. आतली बस मिळते, भाड्याने सायकलही. पण बसमध्ये लगेच चढू नका. पहिला दीड-दोन तास रस्त्याने पायी रमतगमत घालवा, कारण पक्ष्यांची खरी वेळ ही. जिथे रस्ता नदी ओलांडतो तिथे पुलावर थांबा. ही दहिसर नदी. ती तुळशी तलावाच्या बाजूनेच येते आणि पुढे बोरिवली-दहिसर करत मनोरीच्या खाडीला मिळते. खाली वस्तीत तिचं जे होतं ते आपण जाणतो. इथे मात्र ती अजून नदी आहे. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर निळा ठिपका दिसला तर खंड्या. दगडावर शेपटी वरखाली करणारा परीट. पाण्याच्या कडेला मातीच्या रंगाचं काहीतरी बसलंय आणि हललं तर एकदम पांढरं झालं, ती ढोकरी, म्हणजे वंचक.

झाडीत आधी कान लावा. "टुक-टुक-टुक" असं तांब्याच्या भांड्यावर ठोकल्यासारखं चालू असेल तर तांबट. "कुटरूक, कुटरूक" असा घोष म्हणजे कुटुर्गा. पाचोळ्यात सात-आठ जण एकदम भांडताहेत असं वाटलं तर सातभाई. आणि एकाच झाडातून चार वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज येत असतील तर बहुतेक तो एकटा भृंगराज असतो, नकला करणारा. उडताना त्याच्या शेपटीच्या दोन लांब तारांची टोकं मागे दोन भुंगे लागल्यासारखी दिसतात. मोबाइलवर आवाज ओळखणारं ॲप मदतीला घ्या, पण पक्ष्याचा आवाज मोठ्याने वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो खाणं सोडून भांडायला येतो. उद्यानात अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले आहेत. पहिल्या दिवशी बारा नीट ओळखलेत तरी खूप झालं. वहीत लिहा.

बिबट्याचं सगळेच विचारतात. आहेत. २०१५ सालच्या कॅमेऱ्यांच्या गणनेत उद्यान आणि आसपास मिळून ३५ आढळले, पुढे संख्या वाढलीच. पण मुख्यतः रात्री आणि संधिकाली वावरणारा तो प्राणी, दिवसा गजबजलेल्या रस्त्यावर तुमच्या वाटेला जाण्याची शक्यता फार कमी. नियम साधे: लहान मुलाचा हात सोडू नका, रस्त्याबाहेरच्या झाडीत एकट्याने ओणवं बसू नका, अंधाराआधी बाहेर या. दिसलाच तर पळायचं नाही. ताठ उभं राहायचं, त्याला वाट मोकळी ठेवायची आणि नजर न काढता हळूहळू मागे सरायचं.

दुपारपर्यंत: कान्हेरी

नऊ-साडेनऊला बस पकडून कान्हेरीच्या पायथ्याशी उतरा. पायऱ्यांपाशी आसपासच्या पाड्यांवरच्या बायका काकड्या, पेरू, कैऱ्या घेऊन बसलेल्या असतात. चढताना काकडी घ्या, उतरताना घेऊ म्हणाल तर संपलेली असते.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, शिलालेखांत 'कण्हसेल' किंवा 'कण्हगिरी'. काळ्या कातळाचा डोंगर म्हणून काळा डोंगर. शंभराहून जास्त लेणी, इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासपासून जवळजवळ हजार वर्षं इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती. नवखा माणूस पहिल्या तीन लेण्यांत तासभर फोटो काढतो आणि दमून परत फिरतो. असं करू नका. क्रमांक ३चं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, मात्र घाईत बघू नका. व्हरांड्याच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या दोन उभ्या बुद्धमूर्ती आहेत. आत गेल्यावर खांब मोजू नका, त्यांच्या माथ्याकडे बघा. काहींवर हत्ती स्तूपावर पाणी घालताहेत असं कोरलंय, आणि काही खांब तर पूर्ण घडवलेलेच नाहीत, छिन्नी जिथे थांबली तिथेच थांबली. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला इथला लेख सांगतो की गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी हे चैत्य करवलं. छताला लाकडी कमानी होत्या, त्या गेल्या, कातळात त्यांच्या खाचा राहिल्या आहेत.

११ क्रमांकाचं लेणं 'दरबार' म्हणून ओळखलं जातं. आत लांबच्या लांब दोन बुटके दगडी बाक आहेत, समोरासमोर, पंगत मांडल्यासारखे. भाच्याने त्यावर नजर टाकून विचारलं, "इथे वाढपी कुठून यायचे?" प्रश्न चुकीचा नाही. सहभोजनाची किंवा पठणाची जागा असावी असं मानतात.

आता या दिवसाचा गाभा. ११ नंतर मूर्ती शोधणं थांबवा आणि पाणी शोधा. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी, एका बाजूला, कातळात चौकोनी तोंडाचं टाकं दिसेल. याला जुना शब्द 'पोढी'. शिलालेखांतलं 'पाणियपोढि' ते हेच. आता त्या टाक्यापासून नजर वर न्या. लेण्याच्या माथ्यावर बोटभर रुंदीचे चर कोरलेत, ते कातळावरचं पावसाचं पाणी गोळा करून टाक्यापर्यंत आणतात. चार महिने पडणारं पाणी आठ महिने पुरवायचं, हा मुंबईचा आजचा प्रश्न इथे छिन्नीने सोडवलेला दिसतो, तोही लेण्या-लेण्याला सुटा: ज्याचं घर त्याचं टाकं. शिवाय मधल्या ओढ्यावर जुन्या दगडी बंधाऱ्याच्या खुणा आहेत, म्हणजे सार्वजनिक तलावही होता.

एका टाक्याशी आम्ही उकिडवे बसलो. वर हिरवट पाणी, त्यावर एक पिवळं पान. काठाच्या आतल्या बाजूला दगड गुळगुळीत झालाय, दोरीने की हातांनी की नुसत्या काळाने, कोण जाणे. लाल चतुर दर दोन मिनिटांनी त्याच कोपऱ्यावर येऊन बसत होता. मग एक बुलबुल उतरला, आमच्याकडे एकदा बघून प्यायला, चोच वर करून गिळला, पुन्हा प्यायला. दुर्बिणीची गरजच नव्हती. डिसेंबरात ओढा आटत आला की डोंगरावरचं उरलंसुरलं पाणी या पोढ्यांतच, म्हणून पक्षी इथे येतात. भिक्षूंनी साठवलं, पक्षी पिताहेत. दुपारी बाराच्या उन्हातही, जेव्हा रस्त्यावरची झाडी गप्प असते, टाक्यापाशी दहा मिनिटं न हलता बसलात तर कुणी ना कुणी येतंच. पाण्यात हात, पाय, बिस्किटाचा तुकडा काहीही घालू नका.

या पोढ्या दानातून खोदलेल्या. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दिल्याचा लेख इथे आहे. सोपारा, नाशिक, चौल इथल्या दात्यांचीही नावं आहेत. म्हणजे ज्या कल्याण लोकलला आपण लटकतो, त्या गावचा माणूस इथे पाण्यासाठी पैसे देऊन गेला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. वाचता येत नसली तरी अक्षरं सुटी-सुटी, ठसठशीत आहेत. उन्हाची तिरीप बाजूने पडली की उठून दिसतात.

वाटेत तीन ठिकाणं चुकवू नका. ३४मध्ये मान वर करा, छतावर बुद्धाच्या अपुऱ्या चित्राचे अवशेष आहेत. ४१मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. आणि ९०मध्ये पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख: इ. स. १००९ आणि १०२१मध्ये इथे आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावं कोरून ठेवली. हजार वर्षांनी ती इतिहास झाली, हे खरं. पण तुम्ही किल्लीने 'पिंकी'चं नाव कोरलंत तर तो गुन्हाच धरला जाईल.

वरून तलाव

जेवण सावलीतल्या एखाद्या ओट्यावर उरका आणि दोनच्या सुमाराला वरच्या टप्प्याकडे चढायला लागा. कातळातच पायऱ्या खोदल्यात, काही झिजून वाटीसारख्या झाल्यात. पाऊल आडवं टाका. उशिरा चढण्याचं कारण सांगते. तुळशी कान्हेरीच्या आग्नेयेला आहे. हिवाळ्यात सकाळभर सूर्य त्याच अंगाला असतो, पाण्यावर नुसती चकाकी मारते आणि काही दिसत नाही. दुपारी सूर्य पाठीशी गेला की पाण्याला रंग येतो. ८७ क्रमांकाच्या भागात विटांच्या स्तूपांचे चौथरे आहेत, इथल्या थोर भिक्षूंच्या स्मृतीचे. तिथून पुढे माथ्याकडे सरका. शेवटची चढण संपली की एकदम समोर डोंगरांच्या ओंजळीत तुळशीचं पाणी, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेकडे विहारचीही रेघ.

थोडा हिशेब इथेच सांगून टाकते. विहिरी आणि टाकी पुरेनात म्हणून मुंबईला नळाने पाणी आणायचं ठरलं. हेन्री कॉनीबेअर यांची योजना, १८५६ला काम सुरू, १८६०मध्ये विहार तयार. तेही कमी पडलं म्हणून १८७९मध्ये तुळशी. तुळशी ओसंडला की पाणी विहारला जातं, विहार ओसंडला की मिठी नदीला. भाचा बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग मागे वळून एका पोढीकडे बोट करून म्हणाला, "हे आणि ते एकच ना, मावशी? फक्त साइज वेगळा." मी त्याला बाकीची काकडी देऊन टाकली.

एक अपेक्षा मात्र कमी ठेवा. एवढ्या अंतरावरून पाणपक्षी म्हणजे ठिपके. काठावरचे पांढरे ठिपके बगळे, याहून जास्त काही सांगता येत नाही. इथे मान वर ठेवा: डोंगरावरच्या गरम हवेवर सर्पमार गरुड गोल फिरत असतो, पंखांखाली रुंद पांढरा पट्टा, आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला न शोभणारी बारीक शिट्टी. चारला उतरायला लागा. लेणी पाचच्या सुमाराला रिकामी करतात आणि खाली जाणाऱ्या बसला शेवटी शेवटी लांब रांग लागते.

पाणपक्षी जवळून हवे असतील तर

दुसऱ्या दिवशी सकाळी पवईला जा. तोही तुळशी-विहारचाच धाकटा भाऊ, १८९१चा. पाणी पिण्यालायक राहिलं नाही म्हणून तिथे काठापर्यंत जाता येतं, ही थोडी दुःखाची सोय आहे. कांजूरमार्ग स्टेशनवरून रिक्षा करा, काठाकाठाने चाला, पाण्यापासून दोन पावलं मागे राहा. मगरी इथेही आहेत आणि थंडीत ऊन खात पडतात. पाणकावळे पंख वाळत घातल्यासारखे पसरून बसलेले दिसतील, टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येईल. जलपर्णीवर लांब बोटांनी चालणाऱ्या दोघांत सगळ्यांचा गोंधळ होतो. डोळ्यावर ठळक पांढरी भुवई आणि पाठ तांबूस-काशाच्या रंगाची असेल तर कमळपक्षी. चेहरा आणि छाती पांढरी आणि आखूड शेपटी सारखी झटकत असेल, तर लाजरी पाणकोंबडी.